आईचे उपास आणि माझे उंदीर

मी पुण्यात उंदरांची पोटं बिघडवते आणि त्याचा मला पगार मिळतो. पिण्याच्या पाण्यात एक पावडर मिसळायची, आठवडाभर पाजायची, की उंदराच्या आतड्याला आतून सूज येते, जुलाब लागतात, रक्त पडतं. मग आम्ही बघत बसतो, की शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच आतड्यावर का तुटून पडतात, आणि त्यांना 'बास, आता पुरे' म्हणणाऱ्या दुसऱ्या पेशी नेमक्या तेव्हाच कुठं गायब होतात. या 'बास' म्हणणाऱ्या पेशींच्या मागं माझी निम्मी उमर गेली. भोकरदनजवळच्या आमच्या गावात एवढं ऐकायला सवड कुणाला? शेजारच्या काकूंनी माझी पीएचडी एका वाक्यात गुंडाळली: "पोरगी शिकून शिकून उंदराची हागवण बघून राह्यली." चुकीचं काय बोलल्या म्हणा!

रोज सकाळी मी प्रत्येक उंदराचं वजन करते, लेंड्या तपासते. तो पोक काढून बसलाय का, केस पिंजारलेत का, हे बघून आजाराचे गुण देते. वजन जरा घटलं तरी वहीत लाल खूण. आणि आईला फोन? तो रविवारी, कुकरची शिट्टी होईपर्यंत. "जेवलीस का?" "आज उपास हाय." "बरं." झालं, लेकीचं कर्तव्य संपलं. वडील गेल्यापासून ती घरात एकटीच असते, त्यामुळे फोन मात्र मी एकही रविवार चुकवला नाही. केवढी गुणाची पोर!

आईचे उपास हा तर गावाच्या अभिमानाचा विषय. आधी फक्त सोमवार होता. मग गुरुवार आला, मग शनिवार, मग रविवारही कुठल्याशा देवाला देऊन झाला. एकादशी-चतुर्थीचा हिशोब वेगळा. आता आमच्याकडं उपास म्हणजे काय असतं, हे काही मी सांगायला नको. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, वर वाटीभर दही. उपासानं माणूस जाड होतं. आई मात्र पाणी आणि दोन घोट ताक यांवर दिवस काढायची. बाया तिच्या पाया पडायला लागल्या. जांब समर्थला दर्शनाची गाडी निघाली की पुढचं सीट आईचं. देवळात बोलावून तिला शाल दिली. काकू येईल-जाईल त्याला सांगायच्या, "तोंडावर तेज कसं आलंय बघा!" तेज कसलं डोंबलाचं, रक्त कमी होऊन चेहरा पांढराफटक पडला होता. पण तेज दिसलं म्हणून रक्त तपासायची आपल्यात रीत नाही.

आणि घरातली शास्त्रज्ञ काय करत होती? तिनं फोनवर व्याख्यान दिलं. उपासानं आतड्याला विश्रांती मिळते, चांगलं आहे, चालू दे. हे शब्द माझे आहेत.

यंदा उन्हाळ्यात चार दिवस गावी गेले. पहिल्याच संध्याकाळी आई मला देवळात घेऊन गेली. आरती सुरू झाली. टाळ्या वाजवता वाजवता माझी नजर सहज तिच्याकडं गेली. ती खांबाला टेकून बसली होती. पाठीला पोक, गुडघे पोटाशी घेतलेले, डोळे अर्धे मिटलेले, पदराखालून केस पिंजारून बाहेर आलेले. काकू माझ्या कानाशी लागल्या, "समाधी लागलीय बघ."

माझे हात तिथंच थांबले. असली समाधी मी रोज सकाळी पिंजऱ्यात बघते. तिला आम्ही सगळ्यात वरचे गुण देतो.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं.

"आई, रक्त पडतं का?"

"कुठून?"

"तुला माहितीये कुठून."

तिनं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागली. मी फडकं हिसकावून घेतलं तेव्हा बोलली. "खाल्लं की कळ येती. दहा-दहा डाव पळावं लागतं. न्हाई खाल्लं की जरा कमी राहतं. मंग उपास धरले. लग्नात, बारशात लोक आग्रह करून वाढतात, अन् मधीच ताटावरून उठून कुठं पळायचं? उपास म्हन्लं की कोनी बोलत न्हाई."

म्हणजे सगळं गाव इतके दिवस एका सुजलेल्या आतड्याच्या पाया पडत होतं.

मी ओरडायला लागले. "अगं, मी पुण्यात काय करते? हेच करते ना! जगभर याच्यावर भाषणं ठोकत फिरते आणि तू मला सांगितलं नाहीस? लाज कसली माझी?" मला राग आला होता, असं मी नंतर बहुतेकांना सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. तिचं मनगट धरलं, तर माझी दोन बोटं त्याच्याभोवती सहज पुरली. मला रडू फुटलं.

आई शांत होती. "तू हेच करतीस म्हनूनच तर न्हाई सांगितलं."

"म्हणजे?"

"तीन वर्षांमागं दिवाळीला आल्तीस. शेंगा फोडत बसल्तो. तवा मला नुकतंच सुरू झाल्तं, म्हनून तुला इचारलं, त्या उंदरांचं पुढं काय करता गं? तू म्हन्लीस, पोट फाडल्याबिगर सूज किती ते कळत न्हाई. मी म्हन्लं, बरे बी होत असतील की एखादे. तर तू हसलीस. म्हन्लीस, बरं करायला थोडेच आनलेत."

मला शेंगा आठवल्या. वाक्य आठवेना. पण ते माझंच असणार. असलं मी परिषदेतही बोलते, लोक हसतात.

"आई, माणसाचं तसं नसतं," मी म्हणाले. "नळी घालून आतून बघतात. औषधं आहेत. कदाचित कायमची घ्यावी लागतील, पण बहुतेकांची सूज उतरते. उद्या सकाळच्या बसनं संभाजीनगरला जाऊ."

"फाडत न्हाईत?"

"तशी वेळ फार थोड्यांवर येते."

तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"मंग हे तवाच नीट सांगायचं ना, माय," ती म्हणाली. "उपास कसले, मी मरायची तयारी करून राह्यल्ते."