समोरून येणारे दिवे

काल कसालच्या गॅरेजमध्ये माझ्या गाडीचे हेडलाइट बदलताना वायर जळल्याचा वास आला आणि बाबांची जुनी गाडी आठवली.

तिचे दिवे बाबांनी घरीच, अंगणात बसून बदलले होते. भावकीच्या भांडणानंतर गावात त्यांच्याशी कोणी धड बोलत नसे. पण त्या दिवसापासून, संध्याकाळी बाजारातून परतताना, समोरची प्रत्येक गाडी आमच्याकडे बघून दिवे मिचकावू लागली. बाबा स्टिअरिंगवरचा हात उंचावून प्रत्येकाला उत्तर देत. "बघलंस गो? सगळे माका वळाखतत."

पुढे एकदा बाजारातल्या वायरमनने बॉनेट उघडलं. "काका, डिपर-अप्परच्या वायरी उलट्यो जोडलास. समोरच्याच्या डोळ्यार उजेड जाता, म्हणान लोक दिवे मारतत!"

मी खो खो हसले. बाबाही हसले.

वायरी सरळ झाल्या. परतताना गाड्या नुसत्याच शेजारून जात राहिल्या. एक जीप येताना बाबांचा हात सवयीने वर गेला, मध्येच थांबला, आणि मग त्याच हाताने त्यांनी समोरचा आरसा नीट केला.

आरसा नीटच होता, हे आज कळतं. तेव्हा मी घर येईपर्यंत हसत होते.