सर्व्हरकाकांनी दारावर लावलेली यादी

सर्व्हरकाका आमच्या रुग्णालयातले असे गृहस्थ, की संगणक चालू असले तर त्यांची आठवण कुणाला येत नाही आणि बंद पडले की सगळ्यांना एकदम येते. तळमजल्यावर, धुलाईखान्याशेजारच्या थंडगार खोलीत ते बसतात. बाहेर घामाच्या धारा लागल्या असल्या तरी अंगात स्वेटर. माणूस सज्जन. खोड एकच, यादी करायची. घरी दिवे कुणी चालू ठेवले, नळ कुणी सोडला, सगळ्याची यादी फ्रिजवर. काकू म्हणतात, "राग आला की लोक ओरडतात, हे समास आखतात."

गेल्या महिन्यात सर्व्हरची डिस्क भरली. नवे एक्स-रे साठवायला जागा उरेना. काकांनी डिस्कला विचारलं, तर ती म्हणाली, गळ्यापर्यंत भरले. मग एकेक फोल्डर मोजून बेरीज केली, तर डिस्क जवळजवळ निम्मी रिकामी. मधली जागा गेली कुठे? मोजणीच्या शेवटी एक ओळ होती : वाचा विभागाचं फोल्डर उघडता आलं नाही, परवानगी नाही.

वाचा विभाग म्हणजे एक खोली आणि एक बाई. आजारपणात वाचा गेलेला माणूस आला की पहिल्या दिवशीचं त्याचं बोलणं त्या रेकॉर्ड करतात आणि बरा होऊन निघाला की त्यालाच ऐकवतात. रुग्णांची खासगी बाब म्हणून त्या फोल्डरला कुलूप, दुसरी प्रतही ठेवायची नाही. कुलूप काकांनीच घातलेलं, किल्लीही त्यांच्याकडे. पण दुसऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणून ते मोजायलासुद्धा आत गेले नाहीत. मोजलं नाही ते फोल्डर, सापडत नाही ती जागा. काकांनी दोन्हींची गाठ मारली आणि उपाहारगृहाच्या दारावर यादी लावली. 'सर्वाधिक जागा अडवणारे विभाग.' पहिलं नाव वाचा विभागाचं.

"बाई," एक्स-रेवाले भर जेवणात म्हणाले, "लोकांना बोलतं करायच्या नादात आमची हाडं रस्त्यावर आणलीत की."

सगळे हसले. बाई खाली मान घालून जेवल्या.

चार दिवसांनी त्या तळमजल्यावर आल्या. "निम्मं पुसलं. उरलेलं ऐकून होईल तसं पुसते."

"ऐकून कशाला?"

"पुसायच्या आधी एकदा ऐकायला नको?"

त्या गेल्यावर काकांनी पाहिलं, तर डिस्कवर नखाएवढी जागा सुटली होती. आता मात्र त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. ते खोदत बसले आणि दुपारपर्यंत चोर सापडला. सर्व्हरवर दिवसभर काय घडतं त्याची नोंद लिहिणारा एक प्रोग्राम काकांनीच बसवला होता. तीन महिन्यांपूर्वी ती नोंदवही फार फुगली म्हणून त्यांनी ती पुसली, पण प्रोग्राम बंद करायचा राहिला. तो वही उघडी धरून लिहीतच राहिला. वहीचं नाव गेलं, म्हणून फोल्डरांच्या मोजणीत ती दिसेना. जागा मात्र अडलेली, आणि रोज वाढणारी. काकांनी प्रोग्राम थांबवला. क्षणात निम्मी डिस्क मोकळी झाली, आणि काकांना तोंड लपवायला कोपरा सापडेना.

ते वर गेले. व्हरांड्यात बाईंना गाठून, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "तुमचं फोल्डर बोटभरच होतं हो. चूक माझी. किती गेली?"

"एकतीस माणसं."

"माफ करा मला."

"यादी दारावर लावलीत काका, आणि माफी कानात सांगता?"

काकांनी यादी फाडली आणि तिथेच कागद लावला : 'जागा वाचा विभागाने अडवली नव्हती. ती सर्व्हर विभागाच्या चुकीमुळे अडली होती.'

बाईंनी वाचलं. "तुमच्या विभागात तुमच्याशिवाय आहे कोण?"

काकांनी 'सर्व्हर विभागाच्या' एवढं खोडून 'माझ्या' लिहिलं. जेवणाच्या सुट्टीभर ते कागदाशेजारी उभे होते, कान लाल करून. एक्स-रेवाल्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि ताट घ्यायला गेले. ते काहीतरी बोलले असते तर काकांना सोपं गेलं असतं.

पुढच्या गुरुवारी एका शिंप्याचा उपचारांचा शेवटचा दिवस होता. बाईंनी काकांना बोलावून घेतलं.

"माझं... पहिलं बोलणं... ऐकवणार होता," शिंपी म्हणाला.

बाई काकांकडे बघत राहिल्या.

"ते पुसलं गेलं," काका म्हणाले. "माझ्यामुळे."

शिंप्याने शब्द जुळवले. "मी... काय म्हणालो होतो?"

"सुईचं चित्र दाखवलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बराच वेळ नुसतं 'सु, सु' करत होतात. मग रडलात."

शिंपी हसला. मागे बसलेली त्याची बायको हसली नाही. "मला बाहेर बसवलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "आठ महिने वाट बघत होते, एकदा ऐकायला मिळेल म्हणून. परत नाही ना मिळणार?"

वही, प्रोग्राम, परवानगी, सगळं काकांच्या ओठांवर आलं होतं.

"नाही," ते म्हणाले, आणि तिच्यासमोर तसेच उभे राहिले.