कंगोऱ्यांची बाटली

आमच्या ह्यांना काचबिंदू झालाय, हे बेलापुरात फक्त मला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही. हे मला म्हणाले, "पुतळा, कुणाला सांगितलंस तर बघ." मी कशाला सांगते? म्युझियमच्या मागची आमची खोली ह्यांच्या नोकरीवरच होती. सांगून राहायचं कुठं, फुटपाथवर?

म्युझियम म्हणजे पूर्वीचं एका पारशाचं औषधाचं दुकान, इंग्रजांच्या वेळचं. आमचे हे, रावसाहेब, जालन्याकडून आले ते तिथं बाटल्या विसळायला लागले आणि शिकत शिकत कंपाउंडर झाले. दुकान बंद पडलं. ट्रस्टनं ते जसंच्या तसं ठेवलं, आणि ह्यांनाही त्यातच ठेवलं. काम एकच, आलेल्या पोरांना जुन्या पद्धतीनं पुडी बांधून दाखवायची. आत पिठीसाखर. पोरं चाटून खुश.

नजर गेली तरी ह्यांचं अडलं नाही, कारण त्या दुकानाचा नियमच होता. विषारी ते कंगोऱ्यांच्या निळ्या बाटलीत, पोटात घ्यायचं ते गुळगुळीत बाटलीत. अंधारात हात लागला तरी कळावं म्हणून. साखर गुळगुळीत बाटलीत असायची, झुरळांची बोरिक पावडर कंगोऱ्यांच्या. हे नुसतं बोट फिरवायचे. वर ऐट बघा, म्हणे चष्मा हवाय कुणाला!

त्या शनिवारी सानपाड्याच्या शाळेची पोरं आली. ट्रस्टचे अरविंद साहेबही आले होते. हे काउंटरमागे पुड्या बांधत होते, मी दाराशी पोरांच्या चपला लावत होते. तेवढ्यात ट्रस्टची नवी मुलगी श्रुती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, ती निळी बाटली काय क्यूट आहे! तिच्यात झुरळांची पावडर कसली ठेवता? मी सकाळी अदलाबदल केली, साखर निळीत टाकली. टेन्शन नका घेऊ, दुसरीवर मोठ्या अक्षरात 'बोरिक' अशी चिठ्ठी लावलीय, काकांच्या बाजूनं."

मी वळून काउंटरकडे बघितलं. ह्यांच्या हातात गुळगुळीत बाटलीच होती. चिठ्ठी नाकासमोर, आणि हे मजेत चमचा भरत होते.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! ओरडावं, तर साहेब विचारणार, एवढी मोठी चिठ्ठी दिसली कशी नाही? मग नोकरी गेली, खोली गेली. कळंबोलीला मुलगा आहे, पण सून दारात उभं करायची नाही. जवळ जाऊन हळूच सांगावं, तर मध्ये काउंटरपुढं बांधलेली दोरी आणि पोरांची ही गर्दी. बोल की मेले, मी मलाच म्हणत होते. "अहो" एवढंच आलं, तेही मलाच ऐकू येईल एवढं. पुड्या वाटून झाल्या. पुढच्या दोन वेण्यांच्या चिमुरडीनं पुडी उघडली आणि जीभ बाहेर काढली.

"खाऊ नका! कुणी खाऊ नका, बोरिक आहे ते!"

दोरी ओलांडून मी कशी गेले, माझं मला कळलं नाही. त्या पोरीच्या हातावर फटका मारला, पावडर जमिनीवर सांडली, पोरीनं भोकाड पसरलं. शाळेच्या बाईंनी एकेकाची मूठ उघडून पुड्या गोळा केल्या, तोंडं तपासली. कुणी खाल्लं नव्हतं.

हे माझ्यावरच चिडले. "वेड लागलं का तुला? साखर आहे ही! बाटली गुळगुळीत आहे!" आणि चमचा सरळ स्वतःच्या तोंडाकडे नेला. मी मनगट धरलं. "नका हो. तिच्यावर चिठ्ठी आहे."

अरविंद साहेब पुढं आले. "रावसाहेब, काय लिहिलंय ते वाचा बरं."

चष्मा खोलीत राहिलाय, असं मी म्हणणारच होते. ह्यांनी बाटलीवर हात फिरवला. बोटांना कागद लागला, तसा चेहरा उतरला.

"मला दिसत नाही, साहेब. वर्ष झालं. पोरांना काही झालं नाही ना?"

"नाही."

ह्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला. साहेबांनी तो उचलला. महिनाअखेरपर्यंत खोली राहू द्या, म्हणाले. माणूस वाईट नाही, पण त्या वेळी मला त्याचा आणि त्या श्रुतीचा, दोघांचा गळा धरावासा वाटला.

खोलीत आल्यावर श्रुतीनं केलेली अदलाबदल मी ह्यांना सांगितली आणि रडत सुटले. म्हटलं, मीच तोंड उघडलं, मीच सगळं घालवलं. हे खाटेवर बसून होते.

"श्रुतीनं तुला सांगितलं कधी?"

"तुम्ही पुड्या बांधत होतात तेव्हा."

ह्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मग वाटून होईस्तोवर गप्प कशी राहिलीस गं?"