खंडेनवमीचे उंदीर

सुमती टिपणीसच्या नाकावर राग असतो, असं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या औषध कंपनीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे. असतो तर असतो. डोंबिवलीची, एम.एस्सी. झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई. कुणाची हांजी हांजी करायला तिला वेळ नव्हता. पण सत्याऐंशीच्या दसऱ्यानंतर ती भडकली, त्याला कुणी नुसता स्वभाव म्हणत असेल तर तो लबाड आहे.

कंपनीने अफूच्या जातीचं नवं वेदनाशामक काढलं होतं. त्याचा स्मरणशक्तीवर परिणाम होत नाही एवढं ठरलं की ते दवाखान्यांत जाणार होतं, आणि ते तपासायचं काम सुमतीकडे. प्रयोग साधा. पेटीला दोन खण, एक उजेडाचा, एक अंधाराचा. उंदीर अंधाराकडे पळणारच. आत शिरला की पायाला विजेचा चटका. दुसऱ्या दिवशी चटका बंद; तरी तो दारातच थबकला, तर त्याला आठवतंय. औषध दोन्ही दिवशी टोचायचं, असा विभागप्रमुख हरिहरसाहेबांचा हुकूम. उंदीर थबकत होते आणि साहेब खूश होते.

मग खंडेनवमी आली. उंदीर सांभाळणारा दामाजी, कोपरीचा कोळी, दरवर्षी हत्यारांची पूजा मांडायचा. त्या वर्षी त्याने पाटावर सगळ्या सिरिंजा मांडल्या, औषधाची बाटलीही ठेवली आणि वर झेंडूची फुलं वाहिली. इकडे आदल्या दिवशी औषध टोचून शिकवलेले उंदीर ताटकळत होते.

“अहो दामाजी, त्या सुया मला आत्ता हव्यात.”

“कुकू लावलाय बाय. आता सांजपरत हात नाय लावाचा.”

सुमतीचं डोकं फिरलं. पण तिच्याही घरी पूजेतलं पुस्तक कुणी उघडत नसे. हात काही पुढे होईना. शेवटी चिडून तिने उंदीर तसेच, बिनऔषधाचे, पेटीत सोडले. मदतीला मधु होता, तिच्या हाताखालचा.

एकेक उंदीर सरळ अंधारात शिरला. कालचा चटका जणू दुसऱ्याच कुणाला बसला होता. दसरा झाल्यावर तिने त्याच उंदरांना औषध टोचलं आणि पुन्हा सोडलं, तर सगळे दारातच थांबले.

“अरेच्चा,” मधु पुटपुटला, “म्हणजे औषध असेल तरच आठवतं?”

“तेच तर. आजारी माणसाला या औषधाच्या अमलात जे सांगाल, शिकवाल, ते औषध सुटलं की गेलं. आणि आपण छापणार, परिणाम नाही.”

दुसऱ्या दिवशी ती हरिहरसाहेबांकडे गेली. साहेब गोड बोलणारे, पुण्याकडचे. “सुमतीबाई, पूजेच्या गडबडीतलं निरीक्षण विज्ञानात धरत नाहीत.”

“मग गडबड नसताना पुन्हा करू. नवे उंदीर द्या.”

“तुम्ही तापट. एकट्या तुमच्या शब्दावर मी काम थांबवू? आणखी कुणी पाहिलं असेल, तर थांबवतो.”

दामाजीने पाहिलं होतं, पण पिंजरे धुणाऱ्याचा शब्द साहेब कशाला धरतील? सुमती म्हणाली, “मधुने पाहिलंय. त्याला बोलवा.” तिला खात्री होती. उंदीर त्याच्याच हातातून पेटीत गेले होते.

ती मधुला आणायला गेली, तर उंदरांच्या खोलीतले पिंजरे रिकामे. साहेबांच्या सांगण्यावरून ती सगळी तुकडी सकाळीच मारून टाकली होती. म्हणजे बातमी साहेबांपर्यंत तिच्या आधीच पोचली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता उरला होता तो फक्त मधु.

मधु साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. दिवा स्टेशनजवळ खोली घेतलेली, नवीन लग्न. त्यात सुमतीच्या वरची जागा रिकामी होती, हे साहेबांनी त्याला आधीच ऐकवलं असणार.

“सांग रे,” सुमती म्हणाली. “खंडेनवमीला उंदीर आत गेले की नाही?”

मधुने तिच्याकडे पाहिलंच नाही.

“नीट आठवत नाही, बाई.”

त्याला तर कुणी सुईही टोचली नव्हती.