अस्वल असं चालत नाही

सबंध गोंदिया जिल्ह्यात खरं ऐकून जितकी माणसं दुखावली गेली असतील, त्यातली निम्मी तरी एकट्या माझ्या भाऊजींनी दुखावली आहेत, आणि उरलेली निम्मी अजून त्यांच्या तावडीत सापडली नाहीत, एवढंच. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अठ्ठावीस वर्षं नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होते. वाघ दिसला नाही की बाकीचे गाईड पर्यटकांची समजूत काढतात, "आत्ताच गेला जी, पाच मिनिटं झाले." भाऊजी सरळ सांगायचे, "चार दिवस झाले, वाघ इकडे आला नाही. आजही येत नाही." नागपूरहून पहाटे निघून आलेल्या माणसाच्या तोंडावर असं बोलायला काळीज लागतं. एक साहेब रागारागानं गाडी परत फिरवायला निघाले, तेव्हा भाऊजींनी जाता जाता त्यांना झाडावरचा नवरंग पक्षी दाखवला. साहेबांनी मान वर केली नाही. त्यावरून पुढची दोन वर्षं भाऊजींच्या घरी जेवताना त्या साहेबांचा उद्धार चालू होता.

जंगलातून सुटल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहतात. भाऊजी सिनेमाला लागले. मी गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावातून चार पानांचं एक साप्ताहिक काढतो. त्याच्या शेवटच्या पानावर रिकामी जागा असायची, ती एक दिवस भाऊजींनी विचारलंसुद्धा नाही, घेऊनच टाकली. दर शुक्रवारी डबा बांधून एसटीनं गोंदियाला जायचं, नवा सिनेमा पाहायचा आणि शनिवारी पाठकोऱ्या कागदावर परीक्षण आणून माझ्या टेबलावर आपटायचं. नट कोण, नटी कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते मागची झाडं पाहायचे. एका प्रेमकथेत भर एप्रिलात हिरव्यागार सागाखाली गाणं होतं. भाऊजींनी लिहिलं की एप्रिलात साग भुंडा असतो, ज्यांना झाडाबद्दल खोटं बोलताना लाज वाटत नाही त्यांच्या प्रेमावर काय म्हणून विश्वास ठेवायचा? दुसऱ्या एका सिनेमात नायकाची आई कडाक्याच्या थंडीत मरते आणि मागं पावश्या ओरडतो. सगळं थिएटर डोळे पुसत असताना भाऊजी उभे राहून म्हणाले, "थंडीत पावश्या बोलत नाही!" मागच्या रांगेतली एक बाई हुंदका आवरत म्हणाली, "भैया, अब तो चुप बैठो ना!"

बाकीचे समीक्षक सिनेमाला तारे देतात. भाऊजींना तारे मंजूर नव्हते. त्यांनी आपली मोजपट्टी काढली. उत्तम सिनेमा असेल तर 'वाघ दिसला', बरा असेल तर 'गवा दिसला', चालण्यासारखा असेल तर 'चितळं दिसली', आणि टाकाऊ असेल तर 'नुसती धूळ'. लोकांना हे इतकं आवडलं की बाजारात वांगी विकणारी बाईसुद्धा मला विचारायची, "का जी, या हप्त्यात काय? धूळच काय?" बहुतेक वेळा धूळच असायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, हैदराबादला. तिथल्या एका कंपनीत संगणकावर सिनेमातली जनावरं चालवायचं त्याचं काम. बापलेकांत बोलणं तसं बेताचंच होतं. भांडण नव्हतं हो, सवयच नव्हती. एक दिवस त्याचा फोन आला, "बाबा, आमचा पिक्चर लागून राहिला शुक्रवारी. दोन वर्षं मी त्याच्यावरच होतो. पाहून सांगजा." भाऊजींनी विचारलं, "तू काय केलं त्यात?" तो हसला म्हणे, आणि म्हणाला, "पाहा त खरं."

सिनेमा होता बोलणाऱ्या जनावरांचा. वाघाचं पिल्लू सर्कशीत सापडतं, एक म्हातारं अस्वल त्याला सोडवून घरी पोचवतं, वाटेत दोन माकडं विनोद करतात, कोल्हा फितूर होतो आणि कुठं पाचदहा मिनिटं शांत गेली की गाणं. परदेशातल्या पाचसहा सिनेमांचे तुकडे आणून एकत्र शिवलेलं हे गोधडं, आणि शिवणही बाहेरून दिसत होती. शनिवारी भाऊजींनी कागद आपटला. मी वाचला आणि म्हटलं, "भाऊजी, पोराचं काम आहे. जरा सांभाळून घ्या ना."

"कायले? घरचा हाय म्हनून धुळीले वाघ म्हनू का?"

उसन्या कथेची त्यांनी दोन ओळींत बोळवण केली होती. सगळा राग होता तो अस्वलावर. अस्वल चार पावलं टाकून थांबत नाही. बोलायच्या आधी मान खाजवत नाही. उजवा पाय असा बाहेर फेकून चालत नाही. ज्यानं हे अस्वल केलं, त्यानं जन्मात अस्वल पाहिलेलं नाही. नुसती धूळ. 'अस्वल असं चालत नाही' हा मथळा मी दिला, आणि आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी त्यावर बेहद्द खूश होतो. अंक निघाला तसा भाऊजींनी पानाचा फोटो काढून हौसेनं मुलाला पाठवला. त्यानं पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

मंगळवारी ताई बचतगटातल्या बायकांबरोबर तो सिनेमा पाहून आली. घरी न जाता तडक माझ्या छापखान्यात. भाऊजी प्रूफं तपासत बसले होते. ताईनं चप्पलही काढली नाही. "अस्वल करनाऱ्यानं अस्वल पाहिलं नाही म्हनता?" ती भाऊजींपुढं जाऊन उभी राहिली. "आवो, त्यानं तुमाले पाहिलं! तो अस्वल नाही, तुमी आहा जी!"

कित्येक वर्षांपूर्वी भाऊजी मचाणावरून पडले होते, तेव्हापासून उजवा पाय बाहेर टाकत चालतात. चार पावलांवर थांबतात, कानोसा घ्यायला. आणि काही सांगायच्या आधी मान खाजवतात. सुटीत पोरगा चित्रांची वही घेऊन त्यांच्या मागं मागं हिंडायचा, तो हे सगळं बघत असणार. मी तीस वर्षं या माणसाच्या मागून चाललो, ते परीक्षण स्वतःच्या हातानं जुळवलं, मथळा दिला, आणि मलाही कळलं नाही. डोळे फुटले होते माझे.

भाऊजी उठले, दाराकडे निघाले. चार पावलं टाकून थांबले. आपण थांबलो हे त्यांना कळलं. "मी असाच चालतो का गा?" त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली. "मंग आजवर मले कोनी सांगतलं काऊन नाही?"

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं गोंदियाला गेले. सिनेमा उतरला होता, तिथं दुसरंच पोस्टर चिकटवणं चालू होतं. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं, ते मी नंतर शोधून वाचलं. सगळ्यांनी सिनेमाला झोडपलं होतं, पण म्हातारं अस्वल तेवढं जिवंत वाटतं, असं बहुतेकांनी कबूल केलं होतं. अस्वलाला नापास करणारे अख्ख्या देशात एकटे आमचे भाऊजी.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी असताना ताईनं मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून भाऊजींपुढं धरला. भाऊजींच्या तोंडून मोठ्या मुश्किलीनं एवढंच निघालं, "अस्वल बरा होता गा."

"नाही बाबा," तो म्हणाला. "तुमी बरोबरच लिवलं. अस्वल तसा चालत नाही." आवाजात राग असता तरी बरं वाटलं असतं. मग त्यानं सांगितलं, कंपनी बंद पडली, दुसरीकडे पाहून राहिलो, जनावरांचं काम आता करत नाही. "ठेवतो आई," म्हणाला.

शेवटच्या पानावरची जागा मी अजून कुणाला दिली नाही. भाऊजी येतात, बसतात, चहा घेतात, लिहीत नाहीत. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई अंगणात तांदूळ पाखडत होती, भाऊजी खाटेवर बसले होते. बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले. वाळूत उमटलेल्या पावलावरून नर की मादी ते सांगणारा हा माणूस, त्यानं बायकोला विचारलं, "आपला पोट्टा कसा चालते व?"

ताई पाखडता पाखडता म्हणाली, "वाकून चालते आता. खुर्चीत बसून बसून खांदे पुढं आले त्याचे. आन खाली पाहून चालते, लहानपनी वर पाहे."

भाऊजींनी हळूच विचारलं, "आन हसते कसा?"