पोलीस पाटलाची साक्ष

बांधावरच्या भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडलं ते माझ्या काकांनी, कुदळीच्या दांड्यानं. कर्जतच्या कोर्टात गुन्हा कबूल केला मी. आमच्याकडे तेव्हा ही रीतच होती. मारामारी कर्त्या माणसानं करायची आणि घरातल्या बिनलग्नाच्या पोरानं ती अंगावर घ्यायची. त्यातून काकांनी गावच्या पोलीस पाटलाच्या जागेसाठी अर्ज केलेला, त्यांचं नाव स्वच्छ राहायला हवं होतं. शेजाऱ्याला बांधाची पट्टी सोडून गप्प केलं. मला बाप नव्हता, त्यामुळे विचारायचंही कुणाला नव्हतं. काकांनी दंड भरला, येताना मिरजगावच्या स्टँडवर मला भजी खाऊ घातली, आणि थोड्याच दिवसांत ते पोलीस पाटील झाले.

दंड भरला म्हणजे मिटलं, असं सगळं गाव मानायचं. जेलात जाऊन आला तर शिक्षा. मीही तसंच मानत होतो.

मग दुष्काळ पडला. आई आणि मी सरकारी कामावर खडी फोडू लागलो. आईच्या हातांकडे बघवत नव्हतं. अशात नगरच्या लष्करी डेपोत माझी निवड झाली. फक्त पोलीस चौकशी राहिली होती. अर्जात विचारलं होतं, कधी शिक्षा किंवा दंड झाला आहे का?

काका म्हणाले, "न्हाई म्हनून लिव. कोन बघतंय?"

मी डेपोतल्या साहेबांनाच विचारलं. ते म्हणाले, "लपवलंस तर कायमचा बाहेर. खरं लिही. बांधावरच्या भांडणाचं आम्ही मनावर घेत नाही. गावातून वर्तणूक चांगली कळली की झालं."

मी दंड झाल्याचं लिहिलं. मारलं कुणी, ते लिहिलं नाही. गावातून म्हणजे पोलीस पाटलाकडून, म्हणजे आपल्या काकांकडूनच की! मी निर्धास्त होतो. एवढा मूर्ख माणूस मी नंतर आरशात सोडून कुठे पाहिला नाही.

हवालदार आला. काकांच्या ओसरीवर चहा पिता पिता त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हसला. "पाटील, ह्या काडीपैलवानानं डोकं फोडलं? त्या दिशी बांधावर आनखी कोन हुतं?"

काकांनी बशी खाली ठेवली. "लई तापट हाय पोरगं," ते म्हणाले. "मी आडवा पडलो म्हनून. न्हाईतर जीवच घेतला असता यानं."

"काका!" मी ओरडलो.

"बघा," काका हवालदाराला म्हणाले, "थोरल्यांम्होरं आवाज कसा चढतोय."

हवालदारानं तेही लिहून घेतलं. नोकरी गेली.

आई काकांच्या दारात जाऊन रडली. "भावजी, तुमच्यापायी लेकरानं कोर्टाची पायरी चढली. त्याची भाकरी कशी वो काढून घेतली तुमी?"

"वैनी, मी सरकारचा मानूस," काका म्हणाले. "खोटी साक्ष कशी देनार?"

दुसऱ्या दिवशी खडीवर गेलो तर मुकादमानं मला सगळ्यांपासून लांब, एकट्याला बसवलं. पोलीस पाटलांनी बजावलं होतं म्हणे, याच्या हातात घण असताना शेजारी कुणी नको. आई पाटी घेऊन माझ्याजवळ यायला निघाली. मुकादमानं तिला माघारी हाकललं.