सरलाताईंची मिश्री

२००८च्या हिवाळ्यात आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत बातमी फुटली: तिसऱ्या मजल्यावरच्या सरलाताईंना चोपन्नाव्या वर्षी तरुण व्हायचं वेड लागलंय. करोल बागेतून पांढरे बूट आणलेत, धुक्यात फेऱ्या मारतात! पसरवण्यात माझाही हात होता, नाही म्हणत नाही. पण बातमी खोटी निघाली. त्यांच्या धाकट्या भावाची, श्यामची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आपलं एक त्याला देता यावं म्हणून ताई तब्येत कमावत होत्या. दुसरं कुणाचं जुळतच नव्हतं.

आडवं आलं ब्लडप्रेशर. तपासणीला मी सोबत होते. डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारलं, "तंबाकू?"

"बिल्कुल नहीं," ताई ठणकावून म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "अहो ताई, मिश्री?"

"ती दात घासायला असते!"

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या तेव्हापासून, तीस वर्षं, बाई भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दिवसातून चारदा हिरड्यांना लावत होत्या. साताऱ्याहून डबा यायचा. फॉर्मवरच्या तंबाखूशी तिचा काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टर हसले नाहीत. पेशी दुभंगताना आतल्या धाग्यांची टोकं झिजतात आणि शरीर म्हातारं होत जातं, त्यांनी हिंदीत समजावलं. तंबाखू, तुटकी झोप, दिवसभर खुर्ची, यांनी ती बहुधा लवकर झिजतात. कागदावर तुम्ही चोपन्नच्या; आतून किती, ते मला सांगता येणार नाही. प्रेशर मात्र मोजता येतं. तीन महिन्यांत उतरलं नाही, तर तुमचं मूत्रपिंड घेणार नाही.

मिश्री सुटली आणि ताईंचं डोकं ठणकायला लागलं. कामवालीवर खेकसायच्या, दूधवाल्यावर खेकसायच्या. एकदा रिकामा डबा हुंगताना मी पकडलं.

"श्यामला सांगू?"

"सांग! आणि पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

दुसऱ्या दिवशी डबा कचऱ्यात दिसला. आठवडाभर अबोला. श्याम तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता, दर खेपेला जरा जास्तच वाळून परतत होता.

तीन महिन्यांनी ताईंच्या दंडाभोवती पट्टा आवळला. डॉक्टरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्या हाताने ताईंनी माझं मनगट असं दाबलं, की बांगडी रुतली.

"एक सौ छब्बीस, अस्सी," डॉक्टर म्हणाले. "चलिए, ऑपरेशन की तारीख ले लीजिए।"

बाहेर आल्यावर मी सवयीनं डिवचलंच, "आता एका मूत्रपिंडावर लवकर म्हाताऱ्या व्हाल हं, ताई."

"होईन की. भांडायला श्याम असेल ना."